कुणाची तक्रार नाही

सिनेमाचं नाव मला सांगता येणार नाही. तसं लिहून दिलेलं आहे आणि त्या कागदावर माझी सही आहे. सिनेमा येऊन गेला, चालला की पडला हेही आता कुणाला आठवत नाही, पण कागद कायम आहे. म्हणून एवढंच सांगते की तो खुनांचा सिनेमा होता आणि दुसरा भाग होता. पहिल्या भागात कर्जतजवळच्या एका बंगल्यावर सुट्टीला गेलेल्या तरुण मुलांना कुणीतरी एकेक करून मारतं. दुसऱ्या भागात त्याच खुनांवर सिनेमा काढायला दुसरी तरुण मुलं त्याच बंगल्यावर जातात. ही मुलं शहाणी असतात. असले सिनेमे त्यांनी पोटभर पाहिलेले असतात. ‘आता दिवे जातील’ असं एक जण म्हणतो आणि दिवे जातात. ‘अशा वेळी एकट्यानं तळघरात जायचं नसतं’ असं एक मुलगी सगळ्यांना समजावून सांगते आणि एकटी तळघरात जाते. प्रेक्षकांनी एकाच वेळी घाबरायचं आणि हसायचं, अशी योजना होती.

मी तेव्हा वाशीला, स्टेशनजवळच्या एका इमारतीत, छोट्याशा कंपनीत कामाला होते. कंपनीचं काम म्हणजे सिनेमा लागायच्या आधी तो थोड्या माणसांना फुकट दाखवायचा आणि त्यांची मतं फॉर्मवर लिहून घ्यायची. ती वाचून सिनेमावाले काही कापत, काही जोडत, निदान तसं म्हणत. ‘तीन महिने बघू, मग कायम करू’ असं सरांनी मला सांगितलं होतं. सर म्हणजे माझ्यापेक्षा पाचेक वर्षांनी मोठा माणूस, पण त्या ऑफिसात ते सर होते. दोन महिने होऊन गेले होते. आमच्या घरात तोवर कुणीही खुर्चीवर बसून करायचं काम केलेलं नव्हतं. मला ती खुर्ची हवी होती.

या सिनेमासाठी दोन प्रकारचे प्रेक्षक हवे होते. अर्धे नेरूळच्या कॉलेजांतले, ते सर स्वतः आणणार होते. बाकीचे, सरांच्या भाषेत, ‘मास’.

‘मास तर तुझ्या घरातच आहे ना,’ सर म्हणाले.

माझे वडील काय करतात ते त्यांना माहीत होतं. आबा कांदा-बटाटा मार्केटात माथाडी. ट्रकमधून गोणी पाठीवर घ्यायची, गाळ्यात नेऊन थप्पीला लावायची, परत यायचं. सव्वीस जणांची टोळी, बहुतेक सगळे साताऱ्याकडचे, आणि आबा त्यांचे मुकादम. टोळीत काम सगळ्यांनी मिळून करायचं, मिळेल ते सारखं वाटायचं आणि बोलायचं एकट्या मुकादमानं. व्यापाऱ्याशी, ड्रायव्हरशी, चौकशीला आलेल्या साहेबाशी आबाच बोलत. बाकीचे पंचवीस त्यांच्या मागे उभे राहत आणि तोंडातून ब्र काढत नसत. मी लहानपणापासून हेच बघत आले होते. माणसं अशीच बोलतात असं मला वाटायचं.

रविवारी मार्केट बंद असतं, म्हणून खेळ रविवारी सकाळचा ठेवला. आमची माणसं आंघोळी करून, इस्त्रीचे शर्ट घालून वेळेच्या पाऊण तास आधी हजर झाली. कॉलेजची मुलं अर्धा तास उशिरा आली. मी मागे भिंतीला टेकून उभी होते. मुलं बरोबर जागी हसत होती. आमची माणसं भलत्याच जागी हसत होती. तळघरातल्या मुलीला मारलं तेव्हा त्यांच्या रांगेत चिडीचूप शांतता, आणि हिरोच्या महागड्या फोनला रेंज मिळेना तेव्हा पंचवीसच्या पंचवीस खो-खो हसले. आबा मधल्या खुर्चीत ताठ बसून बघत होते.

सिनेमा संपल्यावर मी फॉर्म आणि पेनं वाटली. तेवढ्यात वडे आले नाहीत असं कळलं म्हणून खाली धावले. दहा मिनिटांनी वर आले तर आबा पडद्यासमोर हात मागे बांधून उभे होते, चौघे जण भराभर लिहीत होते आणि बाकीचे सह्या करत होते.

‘झालं?’ मी विचारलं.

‘झालं,’ आबा म्हणाले.

बसमध्ये मी वरचे तीन-चार फॉर्म वाचून पाहिले. मला त्यात काहीही खटकलं नाही. दुसऱ्या कुठल्याही घरातल्या मुलीला खटकलं असतं. मला उलट बरं वाटलं की सगळं वेळेत आणि स्वच्छ अक्षरात झालं.

सोमवारी सरांनी मला आत बोलावलं. सव्वीस फॉर्म टेबलावर पत्त्यांसारखे मांडले होते. सगळ्यात आवडलेला प्रसंग: सर्व. न आवडलेलं पात्र: कोणी नाही. काय बदलावं: काही नाही. आपलं मत: सिनेमा चांगला आहे, कुणाची तक्रार नाही. असं सव्वीस वेळा.

‘खुन्याबद्दलसुद्धा कुणाची तक्रार नाही?’ सरांनी विचारलं.

मी वाकून फॉर्म वाचायला लागले.

‘हे तू घरी बसून भरलंस.’

‘नाही सर. त्यांनीच भरलेत.’

‘मग अक्षरं चारच का?’

‘त्या चौघांचं अक्षर चांगलं आहे म्हणून.’

हे शंभर टक्के खरं होतं, आणि बोलताना माझं मलाच खोटं वाटलं. सर आवाज चढवत नसत. शांतपणे म्हणाले, ‘हे बघ, फेक फॉर्म म्हणजे आपल्या लाइनमध्ये विषय संपला. गुरुवारपर्यंत त्याच माणसांची ज्याची त्याची मतं घेऊन ये. नाही जमलं तर येऊ नकोस. आणि का काढलं असं कुणी मला विचारलं, तर मी खरं ते सांगणार.’

खरं ते म्हणजे मी खोटारडी आहे. माझं डोकंच फिरलं. नोकरी जाणं एक वेळ समजू शकते, पण न केलेल्या लबाडीचा शिक्का घेऊन जायचं, तोही माझ्या बापाने प्रामाणिकपणे मारलेला? त्या दिवशी घरी पोचेपर्यंत मी मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या घातल्या. सिनेमालाही.

नेरूळला आमच्या दोन खोल्या. आबा जेवत होते, आई भाकरी करत होती. मी चप्पल काढता काढताच सगळं सांगून टाकलं. आबांनी घास संपवला.

‘तक्रार न्हाई म्हन्लं, ही तक्रार झाली व्हय?’

‘त्यांना प्रत्येकाचं वेगळं मत हवंय.’

‘कशापायी? सिनेमा येकच हुता की.’

‘आबा, तुम्हाला स्वतःला आवडला का तो?’

‘तुज्या कामाचा हुता. चांगला म्हन्लो.’

‘मी ते विचारत नाहीये. आवडला का?’

‘मी मुकादम हाय,’ आबा म्हणाले, जणू त्यात उत्तर आलं.

मी म्हटलं, उद्या मार्केटात येते, प्रत्येकाला वेगळं विचारते. आबांनी ताट सरकवलं. ‘न्हाई.’ आईने तवा उतरवला. आबा बोलायला लागले ते जमिनीकडे बघत.

ते टोळीत नवे होते तेव्हाची गोष्ट. व्यापाऱ्याला गाळ्यात जागा कमी पडत होती. थप्पी किती उंच लावाल, असं त्याने विचारलं. तेव्हाचा मुकादम म्हणाला, सात गोणी, त्याच्या वर नाही. मागे उभा असलेला एक तरणा गडी शेठजीसमोर छाती काढून म्हणाला, नऊ बी लागतील. शेठजीने लगेच नऊ लावायला लावल्या. चौथ्या दिवशी थप्पी आली खाली. एका माणसाचा पाय मांडीपासून गेला. तो गावी गेला तो परत कामाला आला नाही.

‘नऊ म्हन्नारा मीच,’ आबा म्हणाले. ‘तवापासनं टोळीत येकच तोंड. माज्या आदी बी आन माज्या वक्ताला बी. माणसाला वेगळं बोलाची सवय लागली ना, मग ती मोडत न्हाई.’

हे त्यांनी आम्हाला कधीच सांगितलं नव्हतं. आईलाही नाही, तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. कुठल्याही चांगल्या मुलीने तिथे विषय सोडला असता. मी म्हणाले, ‘आबा, ती गोणींची थप्पी होती. हा सिनेमा आहे. तुमच्या एका तोंडामुळे माझं तोंड काळं होतंय ते बघा आधी.’

आई म्हणाली, ‘अगं.’ आबा उठून हात धुवायला गेले. मला त्याच क्षणी वाईट वाटलं, पण माफी मागण्याइतकं नाही.

मंगळवारी सकाळी निघताना ते दारातून म्हणाले, ‘येकला ये. जेवनाच्या सुट्टीत.’

एक वाजता मी गाळ्यावर पोचले. सगळे गोणींवर डबे उघडून बसले होते. आबा उभे राहिले आणि म्हणाले, ‘पोरीला त्या सिनेमाचं सांगायचं हाय. आज ज्याचं त्यानं बोलायचं. माज्याकडं बघायचं न्हाई.’

पंचवीसही जणांनी त्यांच्याकडे बघितलं.

मी पहिल्याला विचारलं, सिनेमा कसा वाटला? ‘चांगला हाय,’ तो आबांकडे बघत म्हणाला. दुसरा म्हणाला, ‘ह्यो म्हन्ला त्येच.’ तिसऱ्याने तोंडात घास घेतला आणि तो किती वेळ चावायचा याचा हिशेब करत बसला. चौथ्याने मलाच विचारलं, काय लिहायचं असतं? मी कागद घेऊन उभी. मग आबांनी खांद्यावरचा टॉवेल झटकला आणि कुणाला काही न सांगता गल्लीच्या टोकाला चहाच्या दुकानाकडे चालायला लागले. कामाच्या दिवशी आबा टोळी सोडून गेलेले मी कधी पाहिले नव्हते. टोळीनेही नसावेत. ते वळणावर दिसेनासे होईपर्यंत सगळे मान वळवून बघत राहिले.

मग एक जण, पन्नाशीचा, भाकरीचा तुकडा हातात धरून म्हणाला, ‘त्यो वेल्डिंगचा मुखवटा हाय न्हवं खुन्याच्या तोंडावर, त्याच्या काचंतनं वेल्डिंग चालू नसताना कायबी दिसत न्हाई. माझा भाऊ वेल्डर हाय. त्यो मानूस आंधळ्यावानी चालाया पायजे. ह्यो पळतोय.’

मी लिहून घेतलं. आणि मग काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही, कारण माझा हात पुरेना. तीस वर्षांचं बोलायचं राहिलेलं असावं तसे सगळे त्या सिनेमावर तुटून पडले. कोयता तसा धरत नाहीत, तसा धरला तर ऊसही तुटणार नाही, हे तिघांनी मला हाताने करून दाखवलं. मेलेल्या माणसाचे पाय धरून ओढण्यावर मोठा वाद झाला. कंबर जाते, असं बहुतेकांचं मत होतं. उचलायचं तर आधी बसतं करून पाठीवर घ्यावं लागतं, आणि खुनी एवढे दिवस हेच काम करतोय तर त्याला एव्हाना जमायला हवं होतं. एकाला सिनेमा अतिशय आवडला होता आणि त्याचं कारण तिथल्या खुर्चीची पाठ मागे होते हे होतं. एकजण सगळा वेळ डोळे मिटून बसला होता, तरी त्याला संगीत कर्कश वाटलं.

‘त्या पोरास्नी समदं ठावं हाय,’ टोळीतला सगळ्यात धाकटा म्हणाला. तो माझ्याच वयाचा होता. ‘आता असं होनार, आता तसं होनार. मग जातात कशाला तितं?’

‘तू न्हाई जात व्हय?’ वेल्डरचा भाऊ म्हणाला. ‘थप्पी कलल्याली दिसती. तरी खालनं जातोसच की.’

दोघा-तिघांनी मागच्या थप्पीकडे बघितलं. धाकट्याने मला विचारलं, ‘हे बी लिवलं का?’ मी म्हटलं, लिहिलं.

आणि मग स्वयंपाकी निघाला. दुसऱ्या भागातली शहाणी मुलं बंगल्यात बसून पहिल्या भागात कोण कोण मेलं ते आठवतात, भिंतीवर फोटो लावतात आणि म्हणतात, चार जण गेले. माझ्यासमोर गोणीवर बसलेल्या पाच-सहा जणांनी एकदम हात वर केले. पाच गेले. पहिल्या भागाची थोडी झलक सुरुवातीला दाखवतात, त्यात बंगल्याच्या मागच्या दारात, पातेलं हातात घेतलेला, बंगल्यावरचा स्वयंपाकी सगळ्यात आधी मरतो. त्याला कुणी मोजलंच नाही. फोटो नाही, नाव नाही. सिनेमाभर मुलं ‘चार, चार’ करत राहतात. मी तो सिनेमा तोपर्यंत दोन वेळा पाहिला होता आणि माझ्याही लक्षात आलं नव्हतं. मला लाज वाटली. आपण टेबलापलीकडे जाऊन बसायला किती लवकर शिकलो, असं वाटलं.

पंचवीस माणसांचं एका गोष्टीवर मात्र एकमत होतं, आणि ते आबा नसताना झालं होतं. शेवटी उरलेली मुलं स्वयंपाकघरात कोंडून घेतात. सगळे मिळून दाराला खांदे लावून उभे राहतात. त्यातली एक मुलगी म्हणते, दुसऱ्या भागात एकत्र राहणारे सगळे मरतात, मला माहीत आहे. ती मागचं दार उघडते आणि एकटी पळत सुटते. उघड्या दारातून खुनी आत येतो. बाकीचे मरतात, ती वाचते. कॉलेजच्या मुलांनी तिथे टाळ्या वाजवल्या होत्या. आमच्या माणसांना तिचा विलक्षण राग आला होता. एकाने मला लिहायला लावलं की असली पोरगी तिसऱ्या भागात घेऊ नये.

आबा परत आले तेव्हा सुट्टी संपून वीस मिनिटं झाली होती. कपडे झटकून सगळे कामाला लागले होते. मी शेवटचा फॉर्म पुढे केला. ‘तुमचं?’

‘माजं पयलंच धर,’ ते म्हणाले आणि ट्रककडे गेले.

गुरुवारी मी पंचवीस नवे फॉर्म आणि आबांचा जुना सरांसमोर ठेवला. पंचवीस मतांच्या खाली ‘सिनेमा चांगला आहे, कुणाची तक्रार नाही’ हे एकच वाचलं तर अगदी खरं वाटत होतं. सर अर्धा तास वाचत होते. मध्येच उठून त्यांनी दार लावलं आणि दिग्दर्शकाला फोन केला. स्वयंपाक्याचं तिकडे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. वर्षभर ते लोक तो सिनेमा रोज बघत होते. घाईघाईने त्यांनी संवाद पुन्हा रेकॉर्ड केला आणि ‘चार’चं ‘पाच’ केलं. नीट बघितलं तर त्या मुलांचे ओठ अजून चारच म्हणतात. भिंतीवर फोटोही चारच आहेत, पण निदान आवाजापुरता तो माणूस मेला.

महिना संपताना मला कायम केलं. सरांनी खोट्या फॉर्मचा विषय पुन्हा काढला नाही, चुकलं असंही म्हणाले नाहीत. मला माझी खुर्ची मिळाली. तिची पाठ मागे होते.

आबांचं म्हणणं मात्र बरोबर निघालं. सवय मोडली नाही. आधी डब्याच्या सुट्टीत, मग ट्रकपाशी, माणसं बोलायला लागली. ह्या गाळ्याच्या पायऱ्या निसरड्या आहेत, त्या शेठजीकडे पाणी ठेवत नाहीत, मुकादम ड्रायव्हरशी फारच नरमाईने घेतात. भांडण कुणाचंच नव्हतं. दिवाळीनंतर टोळी बसते आणि पुढच्या वर्षी मुकादम कोण ते ठरवते. इतकी वर्षं ‘तुमीच’ असा एक आवाज व्हायचा आणि चहा यायचा. या वेळी तो धाकटा म्हणाला, त्या सिनेमासारखं ज्याचं त्यानं सांगू या का? चिठ्ठ्या टाकल्या. पेनं आमच्या कंपनीची होती, मी त्या दिवशी परत घ्यायला विसरले होते. वेल्डरचा भाऊ पंधरा मतांनी मुकादम झाला. निकाल सांगायचं काम मुकादमाचं असतं, म्हणून तोही आबांनीच सांगितला.

हे मला आबांनी सांगितलं नाही, आईने सांगितलं. वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी ते पुन्हा दिवसभर गोणी वाहायला लागले. मुकादम असतानाही वाहत, पण बोलण्यात, ठरवण्यात दिवसाचा बराच वेळ जायचा, तेवढीच पाठीला उसंत. आता ती उसंत गेली. संध्याकाळी आले की भिंतीला पाठ लावून बसत, मी ऑफिसातून आले की ‘आलीस?’ म्हणत, तेवढंच. ते रागावलेले नव्हते. रागावले असते तर मी भांडले असते, भांडण मला जमतं. मी रोज रात्री ठरवायची, उद्या माफी मागू, आणि सकाळी घाईत असायची. माझ्या एका नोकरीपायी मी त्या माणसाचं सगळं आयुष्य हलवलं होतं, हे मला चांगलं कळत होतं. आणि पुन्हा वेळ आली तर मी तेच करीन, हेही कळत होतं. याचं सगळ्यात जास्त वाईट वाटायचं.

डिसेंबरातला एक रविवार. दुपारची जेवणं व्हायची होती. आई शिरवण्याला बहिणीकडे गेली होती. मी जमिनीवर बसून ऑफिसचे कागद लावत होते. दुसरा कुठलातरी सिनेमा होता, कौटुंबिक. आबा बराच वेळ बघत बसले होते.

‘त्यो कागद हाय का?’ ते म्हणाले.

‘कुठला?’

‘त्या खुनाच्या सिनेमाचा. माजा राहिला हुता.’

मी म्हटलं, ‘आबा, तो सिनेमा लागून उतरलासुद्धा. आता कुणाला नकोय ते.’

‘मला द्याचाय,’ ते म्हणाले. ‘तवा मुकादम हुतो. आता माजं येकट्याचं बोलाया काय हरकत न्हाई.’

मी एक कोरा फॉर्म घेतला, वरचं सिनेमाचं नाव खोडलं आणि ते नाव लिहिलं. आबा मांडी घालून समोर बसले. साहेबासमोर उभे राहत तसं त्यांनी आधी घसा साफ केला.

सिनेमा त्यांना आवडला नव्हता. थंडी फार होती, आवाज मोठा होता, आणि माणूस मेल्यावर लगेच कुणी विनोद करतं हे त्यांना पटलं नव्हतं. स्वयंपाक्याचं त्यांना कळलं होतं, सिनेमा बघतानाच. इतरांनी सांगितलं ते बरं झालं. खुन्याबद्दल त्यांना फार काही म्हणायचं नव्हतं. मी लिहीत होते. माझं अक्षर बिघडत होतं, कारण इतकी वाक्यं एका दमात आबांच्या तोंडून मी कधी ऐकली नव्हती.

‘आवडलेला प्रसंग?’ मी फॉर्मवरचं वाचलं.

‘ती पोरगी दार उघडती त्यो.’

मी वर बघितलं. आबा माझ्याकडेच बघत होते.

‘बराबर केलं तिनं,’ ते म्हणाले. ‘आतले समदे म्हनत्यात, खांदा लाव, हितंच ऱ्हा. तिला कळत हुतं हितं ऱ्हाऊन कायबी व्हनार न्हाई. पोरीनं दार उघडावं आन भायेर पडावं. मागं बघत बसू नये. लिव.’

मी लिहिलं. मला रडू येत होतं आणि ते त्यांना दिसू नये म्हणून मी मान खाली घालून लिहीत राहिले, लिहायचं संपलं तरी.

‘पण आबा,’ मी म्हटलं, ‘तिच्यामुळे आतल्यांचं काय झालं ते बघितलंत ना? आपल्या टोळीतले पंचवीसच्या पंचवीस म्हणाले की तिनं चूक केली.’

‘त्ये त्यांचं मत,’ आबा म्हणाले.